आजोबांच्या ट्रंकेतले आवाज: आधी काय उतरवायचं, काय थांबू शकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची ट्रंक सापडली. आत ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तीसेक रेकॉर्डी आहेत. फैयाज खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर आणि काही नाट्यगीतं. शिवाय सहा-सात स्पूल (चकरीवर गुंडाळलेल्या उघड्या टेप), खोकंभर कॅसेटी आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घरीच बनवलेल्या चार सीडी. दहा-बारा हजारांत यूएसबीवाला रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा, सगळ्यात जुन्या म्हणून ७८च्या रेकॉर्डी आधी संगणकावर घ्यायच्या आणि बाकीचं सवडीने बघायचं, असा तुमचा बेत आहे. मशीन कुठलं घेऊ, एवढंच तुम्ही विचारलंय.

मशीनचं शेवटी सांगतो. आधी तुमचा क्रम उलटा करायला हवा. जुनी वस्तू आधी वाचवावी असं वाटणं साहजिक आहे, पण ध्वनिमुद्रणात वयाचं गणित निराळं चालतं. तुमच्या ट्रंकेत सगळ्यात धडधाकट काय असेल तर त्या लाखेच्या तबकड्या, म्हणजे ७८च्या रेकॉर्डी, आणि सगळ्यात आधी दगा देतील त्या सीडी. मी बडोद्यात बरीच वर्षं लोकांच्या टेप आणि रेकॉर्डी उतरवून देतोय. कुणी ट्रंक घेऊन आलं की दोनच गोष्टी विचारतो: यातलं आधी काय खराब होणार, आणि यातलं काय जगात दुसरीकडे कुठेच नाही? या दोन्हींची उत्तरं जिथे जुळतात तिथून काम सुरू करायचं.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर आहे. माळ्यावर पत्रा होता की कौलं, मे महिन्यात तिथे किती तापायचं, ट्रंक कधी तळमजल्यावर होती का, विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी तिला लागलं का, स्पूलची पट्टी कशाची आहे. यातलं काहीच मला इथून दिसत नाही. तेव्हा मी कारणांसकट सांगतो, म्हणजे ट्रंक समोर ठेवून तुम्हालाच ठरवता येईल.

आवाज टिकवण्याच्या आजवर ज्या तऱ्हा झाल्या, त्या या कामापुरत्या तीन समजा. पहिली यांत्रिक: आवाजाच्या कंपनाची रेघ प्रत्यक्ष कोरायची. दुसरी चुंबकीय: पट्टीवर लोहभस्माचा लेप द्यायचा आणि त्यातल्या कणांची चुंबकीय दिशा बदलायची. तिसरी प्रकाशाची: लेझरने वाचायच्या खुणा. तुमच्या ट्रंकेत तिन्ही आहेत, आणि प्रत्येकीचं मरण वेगळं आहे.

शेवटचीपासून सुरुवात करू, कारण ते काम आज रात्रीच उरकायचं आहे. दुकानात विकत मिळणाऱ्या सीडीत खुणा प्लास्टिकमध्ये दाबून उठवलेल्या असतात. घरी बनवलेल्या सीडीत तसं काही नसतं. तिथे एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेझर तो जागोजागी भाजतो आणि तेवढ्यावर सगळं भागवतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी ते रंगद्रव्य विटतं. चकतीवर मार्करने नाव लिहिलं असेल, कागदी लेबल चिकटवलं असेल, तर वरच्या बाजूनेही धोका, कारण चांदीसारखा थर त्याच बाजूला, जेमतेम वार्निशसारख्या एका पापुद्र्याखाली असतो. शिवाय डिजिटल माध्यम खराब होताना आधी सूचना देत नाही. रेकॉर्ड खरखरते, टेप दबल्यासारखी वाजते, सीडी मात्र काल चालत होती आणि आज उघडत नाही. कुणाकडे तरी जुना सीडी ड्राइव्ह असलेला संगणक असेलच. चारही सीडी आज कॉपी करा. एका ड्राइव्हवर उघडली नाही तर दुसऱ्यावर लावून बघा. प्रत्येक ड्राइव्हची वाचायची ताकद वेगळी असते.

आता स्पूल. तुमच्या ट्रंकेतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, असं मी न ऐकताच म्हणतो, आणि त्याला कारण आहे. चुंबकीय मुद्रणाची सुरुवात डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर केली. पुढे जर्मनीत १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमरने कागदाच्या पट्टीवर लोहभस्म चढवलं, आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन लोकांपुढे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जर्मनीबाहेर पसरलं आणि दोनेक दशकांत घरगुती टेपरेकॉर्डर आपल्याकडच्या हौशी लोकांपर्यंत पोचले. सात इंची स्पूलवर १२०० फूट टेप बसते. सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर या चालीने ती एका बाजूला तासाभराहून थोडी जास्त चालते. तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल कोंबण्याची सवय झालेल्या काळात हा फरक केवढा असेल, विचार करा. घरातली बैठक, गायनशाळेतला कार्यक्रम, रेडिओसमोर माइक धरून पकडलेलं गाणं, बारशातली ओवी: आलाप, खोकला, दाद, चहाच्या कपांचा आवाज, सगळ्यासकट हे पहिल्यांदा घरच्या घरी नोंदवता आलं. रेकॉर्ड कंपनीने ते कधीच काढलं नसतं. रेडिओ केंद्राकडे असेल म्हणाल, तर जगभरच्या केंद्रांत टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरायची चाल होती. त्यामुळे तुमच्या स्पूलवर जे आहे त्याची दुसरी प्रत नसण्याची शक्यता फार मोठी. फैयाज खाँसाहेबांची ७८ची रेकॉर्ड मात्र दहा संग्राहकांकडे सापडेल.

स्पूलना हात लावण्याआधी दोन चाचण्या करा, यंत्र लागत नाही. पहिली, वास. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती टेप असिटेटची आहे आणि तिचं विघटन सुरू झालंय. ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला वेग देते, कारण बाहेर पडणारं आम्लच पुढचं विघटन वाढवतं. अशी टेप बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी ठेवा. हवाबंद डब्यात कोंडू नका. दुसरी चाचणी उजेडाची. स्पूल आडवं धरून मागे दिवा धरा. गुंडाळलेल्या टेपच्या थरांतून उजेड झिरपताना दिसला तर असिटेट, काळोखच राहिला तर बहुधा पॉलिएस्टर. असिटेट ताणली की कटकन तुटते, पण तुटलेली टोकं नीट जुळवता येतात. पॉलिएस्टर तुटायच्या आधी ताणून लांब होते, आणि तो ताणलेला भाग मग कुणालाच सरळ करता येत नाही. म्हणून जुनी टेप वाजवायच्या आधी भराभर रिवाइंड करणं हा सगळ्यात महागात पडणारा उत्साह आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपमध्ये आणखी एक रोग असतो. लोहभस्म पट्टीला धरून ठेवणारा बाइंडर हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. अशी टेप हेडवरून (मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागावरून) जाताना कर्कश किंचाळते आणि तपकिरी गाळ सोडते. तो गाळ म्हणजेच तुमच्या आजोबांचा आवाज, त्यामुळे किंचाळी ऐकू आली की त्याच क्षणी बंद करा. यावर उपाय आहे: प्रयोगशाळेच्या नियंत्रित भट्टीत साधारण ५४ अंश सेल्सियसवर कित्येक तास शेकवली की टेप काही दिवसांपुरती वाजण्याजोगी होते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. हे स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये करू नका, आणि असिटेटच्या टेपवर तर अजिबात नको.

स्पूलचं दुसरं दुखणं म्हणजे ते वाजवायचं यंत्र. लाखेच्या तबकडीचा चर उद्या कुणीही वाचेल, पण टेप वाचायला नेमक्या मापाचं हेड, नेमकी चाल आणि चांगला रबर रोलर लागतो. हे डेक आता घरगुती बाजारात नवीन सहसा मिळत नाहीत, सुटे भाग दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढावे लागतात. टेपचं आयुष्य आणि मशीनचं आयुष्य अशी दोन घड्याळं एकदम चालू आहेत, आणि दुसरं जास्त जोरात पळतंय. शिवाय घरगुती टेप बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी भरलेली असते: एका दिशेने अर्धी रुंदी, उलटी करून उरलेली अर्धी. चुकीच्या हेडवर लावली तर गाण्याच्या खाली दुसऱ्या बाजूचं बोलणं उलटं ऐकू येतं. मग लोक म्हणतात टेप बिघडलीय. बिघडलेली नसते.

म्हणून स्पूल स्वतः करू नका. अनुभवी माणसाकडे द्या, आणि देताना विचारा: तुमच्याकडे किती हेडची, किती चालींची मशीनं आहेत? टेप आधी हाताने फिरवून तपासता का? मूळ उतरवलेली फाइल, सफाई न केलेली, मला देणार का? तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो त्याच्याकडे देऊ नका.

कॅसेटींबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या तुम्ही घरी करू शकता. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणं नोंदवायला. टेपची रुंदी चार मिलिमीटरलाही कमी, चाल सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. एवढ्या अरुंद पट्टीवर पुढे अख्ख्या देशाचं संगीत गेलं, यात कॅसेटपेक्षा लोकांच्या गरजेचं कौतुक जास्त. विकत आणलेल्या भजनांच्या, भावगीतांच्या कॅसेटी बाजूला काढा, त्या घाईच्या नाहीत. घरी भरलेल्या वेगळ्या ठेवा. आधी कडेचे दोन कान मोडून टाका म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते का पाहा; आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच. दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, नाहीतर बुरशी हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींत जाईल. आतली छोटी फोमची गादी निघून पडली असेल तर आवाज येत-जात राहतो. दुसऱ्या कॅसेटची गादी लावून काम भागतं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. ज्या मशीनवर भरलं त्याचं हेड जरा तिरकं असेल तर आज सरळ हेडवर तीच कॅसेट कोंदट वाजते. कान देऊन, स्क्रू किंचित फिरवत, स-श-छ हे उच्चार सगळ्यात स्वच्छ कुठे येतात ते शोधायचं. प्रत्येक कॅसेटसाठी वेगळं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने पुढे जे परत मिळत नाही ते यात मिळतं.

आता तुमच्या लाडक्या तबकड्या. त्या थांबू शकतात असं म्हणतोय, त्यामागची गंमत मुळापासून सांगण्यासारखी आहे. पॅरिसच्या एदुआर-लेआँ स्कॉट द मार्टिनव्हिलने १८५७ मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ काढणारं यंत्र केलं. ते वाजवायची सोयच नव्हती, त्याला फक्त आवाज डोळ्यांनी बघायचा होता. एडिसनने १८७७ मध्ये कथलाच्या वर्खावर आवाज कोरून तो परत वाजवूनही दाखवला, पण तो वर्ख थोड्याच वेळा वाजून फाटायचा. आणि स्कॉटची १८६० मधली रेघ? ती २००८ मध्ये संशोधकांनी स्कॅन करून संगणकावर वाजवली, एका फ्रेंच गाण्याचा तुकडा ऐकू आला. कोरलेली किंवा काढलेली रेघ दिसते, आणि दिसते ती कधीतरी कुणीतरी वाचू शकतं. म्हणून तुटलेली रेकॉर्डसुद्धा टाकू नका. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॅमेऱ्याने चर वाचून, सुई न टेकवता, आवाज परत मिळवायचं तंत्र विकसित झालंय. तुकडे जुळवूनही वाचता येतात.

सपाट तबकडी एमिल बर्लिनरची, १८८७ची. तिच्यासाठी लाख आली, आणि ती मोठ्या प्रमाणात आपल्याच देशातून, छोटा नागपूरच्या बाजूच्या जंगलांतून गेली. मात्र तबकडीत लाखेचा वाटा थोडा. बाकी दगडाची पूड, काजळ, सुताचे धागे. पूड मुद्दाम घातलेली असायची, म्हणजे पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत झिजून चराच्या आकाराची व्हावी. म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. कंजूषपणाने तीच सुई दहा बाजूंना वापरलेली रेकॉर्ड मी आवाजावरून ओळखतो: तार सप्तकात गळा फाटल्यासारखा येतो.

भारतातलं पहिलं मोठं व्यापारी मुद्रण १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात झालं, त्यासाठी ग्रामोफोन कंपनीचे मुद्रक फ्रेड गैसबर्ग आले होते. गायिका गौहरजान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, कारण मेणाची मूळ तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथल्या कामगारांना लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं होतं. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, मग हा हेलपाटा संपला. आपल्या बडोद्याचाही यात वाटा आहे: गायनशाळा उभी करणाऱ्या मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ, जन्म इथलाच १८८२ चा, ते १९०९ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी गायले, आणि त्या तबकड्यांवरचं गाणं आजही ऐकता येतं. शंभराहून जास्त वर्षं झाली. तेवढी टिकलेली एखादी कॅसेट दाखवा म्हटलं तर सोय नाही, कॅसेटचा जन्मच मुळी त्यानंतर पन्नासेक वर्षांनी.

तर तबकडी टिकते, पण तिला तीन शत्रू आहेत. पडणं, हे सांगायला नको. उष्णता: बडोद्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या सीटवर तासभर ठेवलीत तर वाटीसारखी वाकेल. आणि स्पिरिट. ठळक लक्षात ठेवा: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. नंतरच्या विनाइलच्या एलपी रेकॉर्डींसाठी मिळणारं क्लीनर, सॅनिटायझर, कॉलनवॉटर, काही म्हणजे काही लावू नका. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश चराच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून, मग स्वच्छ पाणी आणि सावलीत उभी करून वाळवणं. ठेवताना उभ्याच ठेवा. एकमेकींवर रचल्या की खालच्यांना तडे जातात.

उतरवताना तीन गोष्टी बिघडतात, आणि तुमचं यूएसबीवालं मशीन त्या तिन्ही बिघडवतं.

पहिली सुई. ७८चा चर रुंद, त्याच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण इंचाचे तीन सहस्रांश. कोलंबियाने १९४८ मध्ये एलपी आणली ती बारीक चराची, तिला सहस्रांश इंच किंवा त्याहून कमी. स्वस्त मशीनवर ७८ चा आकडा लिहिलेला असतो, पण सुई एलपीचीच बसवलेली असते. ती बारीक सुई रुंद चराच्या तळाशी, साठलेल्या धुळीत, घसटत जाते. खरखर जास्त आणि गाणं कमी येतं. मग लोक म्हणतात जुन्या रेकॉर्डी अशाच असतात.

दुसरी चाल. ७८ हा आकडा बऱ्याच उशिरा पक्का झाला. आरंभीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कशाही भरलेल्या आहेत. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी भरलेली तबकडी ७८ ने वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकचा गवई काळी एकच्या शेजारी जाऊन बसतो आणि तानाही उगाच चपळ वाटतात. साथीला हार्मोनियम असेल तर मी तिच्यावर भरवसा ठेवतो. तंबोरा गवयाच्या सोयीने कुठेही लागतो, पण पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. पेटीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या फटीत पडत असेल तर चाल चुकली समजायचं. हेही सर्वस्वी खात्रीचं नाही, जुन्या पेट्यांची लावणी थोडी इकडेतिकडे असायची, पण दिशा कळते. तुमच्या खाँसाहेबांच्या रेकॉर्डी बहुधा तीसच्या दशकातल्या, कलकत्त्याच्या हिंदुस्तान कंपनीच्या असतील, तोवर चाल बरीच स्थिरावली होती. तरी तो भारदस्त, घुमारेदार आवाज जराही पातळ वाटला तर आधी मशीनच्या चालीवर संशय घ्या. स्वस्त मशीनमध्ये ती बदलायची सोयच नसते.

तिसरी गोष्ट आवाजाचा समतोल. १९२५ पर्यंत गवई कर्ण्यात तोंड घालून ओरडून गायचा, वीज कुठेच नव्हती. मग माइक आला. कंपन्या खर्ज दाबून आणि तीव्र भाग वाढवून चर कोरू लागल्या, वाजवताना उलट करायचं. पण किती दाबायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. १९५४ मध्ये अमेरिकेत एक प्रमाण ठरलं आणि ते जगभर गेलं. यूएसबी मशीन तेच १९५४ चं प्रमाण १९१० च्या तबकडीलाही लावतं, म्हणजे जे कुणी वाढवलेलंच नाही ते दाबून टाकतं. गाणं रजईतून आल्यासारखं येतं.

एक फुकटची युक्ती: ७८ मोनो असली तरी दोन्ही चॅनलवर वेगवेगळी उतरवा. चराच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत. कधी एकच भिंत चांगली असते, तेव्हा तीच घ्यायची. दोन्ही बऱ्या असतील तर नंतर एकत्र केल्या की वरखाली होणारी खरखर आपोआप कमी होते.

आणि ट्रंकेसोबत चावीचा ग्रामोफोनही असेल, तर त्याने उतरवायचं मनात आणू नका. त्याचा साउंडबॉक्स (सुई धरणारी गोल डबी) शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो, आजची सुई तीन-चार ग्रॅम. शुक्रवारी बाजारात आणि सजावटीच्या दुकानांत मिळणारे चकचकीत पितळी कर्ण्याचे 'अँटिक' तर सरळ रेकॉर्ड खाणारी यंत्रं आहेत. दिवाणखान्यात शोभेला ठेवा.

आता मशीन. तीस तबकड्यांसाठी घेऊ नका, हे माझं प्रामाणिक मत. ७८ची खरी चाल, चाल कमीजास्त करायची सोय, बदलता येणारी सुई आणि वेगळी विकत घेतलेली ७८ची सुई, एवढं असलेलं मशीन दहा-बारा हजारांत बसत नाही. त्यापेक्षा ते पैसे स्पूल उतरवण्यावर घाला. उरले तर एक चांगला जुना कॅसेट डेक, पट्टे बदलून, आणि संगणकाला जोडायचं साधं ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. हातात धरायचे यूएसबी वॉकमन घेऊ नका, त्यांची चाल डुलते. तबकड्यांची आधी यादी करा: लेबलचा फोटो, कॅटलॉग क्रमांक, आणि लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या मूळ मुद्रणाचा क्रमांक. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी अशा याद्यांवर बरंच काम केलंय. इतरत्र चांगली प्रत उपलब्ध असेल तर तुमची तबकडी फक्त नीट ठेवायची. दुर्मीळ निघाली तर तेवढीच बाहेरून उतरवून घ्या.

फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह स्वरूपात घ्या. तासाला साधारण दोन जीबी होतात, आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. कॅसेटींना ४८ किलोहर्ट्झ पुरे. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवायला नंतर बनवा. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा. मूळ फाइलला हात लावू नका, कारण खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीही (तारेचा झणत्कार) जाते आणि ते पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर, जमल्यास गावाबाहेर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री घरांत शिरली तेव्हा एकाच कपाटात मूळ टेप आणि हार्ड डिस्क दोन्ही ठेवलेले लोक माझ्याकडे आले होते. तुमच्या ट्रंकेला पाणी लागलेलं दिसलं तर उन्हात वाळवू नका. गाळ असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत वाजवू नका.

फाइलींना नावं देताना डबीवर लिहिलंय ते आणि आत प्रत्यक्ष ऐकू येतं ते, दोन्ही वेगवेगळं लिहा. डबीवर 'भीमपलास, १९६८' असतं आणि आत मावशीच्या साखरपुड्यातली भाषणं निघतात. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत बसवून ऐका. आवाज ओळखायचं काम तेच करू शकतात.

सध्या एवढं करा: सीडी आज कॉपी करा, स्पूलच्या डब्या उघडून वास घ्या, आणि प्रत्येक स्पूलचा मागे दिवा धरून एक फोटो काढा. डबीवरचं लिखाण आणि कंपनीचं नाव दिसेल असा दुसरा फोटो. ते इथे टाका, म्हणजे कुठलं स्पूल आधी द्यायचं आणि कुठल्याला भट्टी लागेल ते सांगता येईल.